एमबीएची जागा पक्की करण्याआधी फॉन्तेनब्लोला जाऊन येताना

परदेशी बिझनेस स्कूल प्रत्यक्ष बघून यावं, हे बहुतेकांना सुचतं ते फार उशिरा. जागा पक्की करायचे पैसे भरलेले असतात, ऑफिसात राजीनाम्याची कुणकुण लागलेली असते आणि मग 'जाण्याआधी एकदा बघून येऊ' म्हणून तिकीट काढलं जातं. त्या वेळी तिथे काहीही दिसलं तरी निर्णय बदलायचा नसतो, म्हणून डोळेही चांगलं तेवढंच टिपतात. भेटीचा खरा उपयोग आहे तो निर्णय मोकळा असताना. ऑफर हातात आहे आणि पैसे भरायची मुदत अजून काही आठवड्यांवर आहे, हा सगळ्यात चांगला काळ. अर्ज कुठे करावा हेच ठरत नसेल तर त्याआधी. पैसे भरल्यानंतर जायचंच असेल तर ते घर शोधायला जा, स्कूल बघायला नको.

इथे उदाहरण घेतलंय फॉन्तेनब्लोच्या इन्सिआड या फ्रेंच बिझनेस स्कूलचं, कारण तिथे भेटीची गरज इतर ठिकाणांपेक्षा जास्त भासते. लंडन बिझनेस स्कूल रीजंट्स पार्कला लागून आहे. लंडनचं आयुष्य कसं असतं याचा अंदाज आपल्यातल्या बऱ्याच जणांना ओळखीपाळखीतून आलेला असतो. इन्सिआडचं नाव घेताना मात्र लोक 'पॅरिस' म्हणतात आणि कॅम्पस असतो पॅरिसच्या दक्षिणेला, रेल्वेने चाळीस मिनिटांवर, जंगलाच्या कडेला. १९५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले वर्ग १९५९ मध्ये फॉन्तेनब्लोच्या राजवाड्यात भरले. सध्याचा कॅम्पस १९६७ पासूनचा. दुसरा मोठा कॅम्पस सिंगापूरला २००० मध्ये सुरू झाला. अभ्यासक्रम अवघ्या दहा महिन्यांचा. चुकीच्या घरात, चुकीच्या अपेक्षेने पहिले दोन महिने घालवले तर अभ्यासक्रमाचा पाचवा हिस्सा गेला.

आणखी एक कारण. इन्सिआडच्या मुलाखती माजी विद्यार्थी घेतात, बहुधा तुमच्याच शहरात किंवा ऑनलाइन. मुंबईच्या उमेदवाराला कॅम्पस न बघता थेट प्रवेश मिळू शकतो आणि बहुतेकांना तसाच मिळतो. तिकडे जायला तुम्हाला कुणी भाग पाडणार नाही. जायचं तर ते स्वतःसाठी.

आधी तारखा, मग तिकीट

वर्षात दोन तुकड्या सुरू होतात, एक जानेवारीत आणि एक ऑगस्टअखेरीस. दहा महिने पाच टप्प्यांत विभागलेले असतात. तिथे सगळे त्यांना पी वन ते पी फाइव्ह म्हणतात. प्रत्येक टप्पा साधारण दोन महिन्यांचा आणि शेवटी परीक्षा. जानेवारीच्या तुकडीला मध्ये उन्हाळ्याची सुट्टी असते, त्यात इंटर्नशिप करता येते. ऑगस्टच्या तुकडीला तशी मोठी फट नसते.

आता हे कॅलेंडर एकमेकांवर ठेवून बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कॅम्पसवर ऑगस्टवाल्यांचा पी वन आणि जानेवारीवाल्यांचा पी फोर चालू असतो. मार्च-एप्रिलमध्ये जानेवारीवाले पी टूमध्ये आणि ऑगस्टवाले पी फोरमध्ये. म्हणजे या महिन्यांत एकाच कॅन्टीनमध्ये दोन्ही प्रकारचे लोक भेटतात: नुकतेच आलेले, ज्यांना घर शोधण्याचा त्रास अजून ताजा आठवतो, आणि नोकरीच्या मुलाखतींमध्ये बुडालेले, ज्यांच्या चेहऱ्यावरून बाजार कसा आहे ते कळतं. दुसऱ्या गटाशी बोलणं जास्त मोलाचं. मे-जूनमध्ये हवा छान असते, पण पी फाइव्हवाल्यांचं मन निघण्याकडे लागलेलं असतं. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत जाऊ नका. इमारती बघायला मिळतील, माणसं नाहीत. फ्रान्समध्ये ऑगस्टला गावातली निम्मी दुकानंही सुट्टीवर जातात.

टप्प्याचा पहिला आठवडा आणि शेवटचा दीड आठवडा टाळा. दुसरा-तिसरा आठवडा उत्तम. आठवड्यातले वार सोमवार ते गुरुवार धरा. शुक्रवारी वर्ग कमी असण्याची शक्यता असते आणि शनिवार-रविवारी बरेच जण युरोपात कुठेतरी फिरत असतात.

हवामानाबद्दल माझं मत थोडं उलटं आहे. निवड असेल तर नोव्हेंबरात जा. महिन्याअखेरीस संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडतो, पाऊस भुरभुरत असतो, जंगल काळंकुट्ट दिसतं. त्या दिवसांतही तुम्हाला तिथे राहावंसं वाटलं तर बाकीच्या महिन्यांची काळजी नको. ज्यांनी आयुष्यभर मुंबई-पुण्याचा उजेड अनुभवलाय त्यांना हा अंधार वर्णनावरून कळत नाही.

व्हिसाची साखळी उलटी मोजा

ऑफर आल्यावर व्हिसाच्या मागे लागलात तर पैसे भरायची मुदत आधी संपेल. मुलाखतीचं बोलावणं आलं की त्याच आठवड्यात शेंगेन व्हिसाच्या (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या) अपॉइंटमेंटकडे बघायला लागा. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. पंधरा दिवस हा निर्णयाचा नेहमीचा काळ आहे, हमी नाही. एप्रिल ते जून या सहलीच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळणंच अवघड होतं. फ्रान्सच्या व्हिसासाठी व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीची केंद्रं मुंबईत आहेत आणि पुण्यातही.

शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे, वर व्हीएफएसचं सेवाशुल्क. नकार आला तरी परत मिळत नाही. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. त्याखेरीज बँकेची स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं, राहण्याचं बुकिंग आणि कंपनीचं रजेचं पत्र. या पत्रावर अनेकांचं घोडं अडतं, कारण एमबीएचा विचार ऑफिसात सांगितलेला नसतो. रजेच्या पत्रात कारण लिहायची गरज नाही. 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत रजा मंजूर, नंतर कामावर रुजू' एवढं पुरतं.

सोबतच्या अर्जात हेतू मात्र खरा लिहा: अल्प मुदतीची भेट, संस्था बघणं, अमुक तारखेला परत. स्कूलकडून भेटीच्या नोंदणीची ईमेल आली असेल तर तिची प्रत जोडा. प्रवेश मिळाला तर दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा भारतातूनच, 'कॅम्पस फ्रान्स' या फ्रेंच सरकारी संस्थेच्या प्रक्रियेतून काढावा लागतो. भेटीच्या व्हिसावर जाऊन तिथेच राहून वर्ग सुरू करता येत नाहीत.

एकाच फेरीत इतर स्कूलही बघणार असाल तर अर्ज करायचा तो जिथे जास्त दिवस काढणार त्या देशाकडे; दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. एचईसी या दुसऱ्या फ्रेंच बिझनेस स्कूलचा कॅम्पस पॅरिसजवळच्या जूई-आँ-जोसासला आहे, तोही शहराबाहेर. तिथलं एमबीए सोळा महिन्यांचं. दोन्ही लागोपाठ बघितली तर दहा महिने आणि सोळा महिने यांतला फरक विद्यार्थ्यांच्या बोलण्याच्या वेगातसुद्धा जाणवतो. लंडन जोडायचं तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा.

विमानतळावर थोडा जास्त वेळ हाताशी ठेवा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटोची नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे. पहिल्या वेळी रांग लांबते.

टॅक्सीने जाऊ नका

विमानतळावरून थेट टॅक्सी केलीत तर भेटीतला एक मोठा धडा हुकला. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरून आरईआर या शहरी रेल्वेची बी लाइन घेऊन शातले-ले-आल, तिथे आरईआर ए किंवा डी बदलून गार द लियों, आणि तिथून ट्रान्सिलियन या उपनगरी रेल्वेची आर लाइन. उतरायचं फॉन्तेनब्लो-आव्हों स्थानकावर. २०२५ पासून पॅरिस परिसरात रेल्वे-मेट्रोचं एकेरी तिकीट सरसकट अडीच युरोंच्या आसपास झालं आहे, पूर्वीसारखे अंतराप्रमाणे दर राहिले नाहीत. विमानतळाचं तिकीट मात्र वेगळं; २०२५ मध्ये ते १३ युरो होतं. बसचं तिकीटही वेगळं, रेल्वेचं तिकीट बसला चालत नाही. तपासनीस दंड जागेवरच घेतात, आणि 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य त्यांनी सगळ्या भाषांतून ऐकलेलं असतं.

स्थानक नावाला फॉन्तेनब्लोचं. आहे ते शेजारच्या आव्हों गावात. कॅम्पस तिथून तीन किलोमीटरच्या पुढे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. बस आहे, पण रात्री आणि रविवारी किती वेळाने येते हे थांब्यावर उभं राहून बघा. एक संध्याकाळ मुद्दाम पॅरिसला जाऊन रात्री परत या. शेवटची गाडी कितीला, त्यानंतर काय, वीकेंडला रुळांचं काम निघालं की किती वेळ जातो, हे सगळं त्या एका फेरीत कळतं. 'दर वीकेंडला पॅरिस' हे स्वप्न किती खरं आणि किती नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

मुक्काम फॉन्तेनब्लो गावातच करा, किमान तीन रात्री. पॅरिसला हॉटेल घेऊन एका दिवसात उरकणाऱ्यांनी फक्त सहल केली असं समजावं.

कॅम्पसवरचा दिवस

नोंदणी आधी हवी. प्रवेश विभागाच्या संकेतस्थळावर भेटीच्या तारखा आणि फॉर्म असतो. माहितीसत्र, विद्यार्थ्यांबरोबर कॅम्पस फेरी आणि जमल्यास एखादा वर्ग. वर्गात बसायला मिळणार का हे आधी ईमेल करून पक्कं करा, दारात जाऊन मागू नका. गेटवर ओळखपत्र लागतं, पासपोर्ट जवळ ठेवा. भेट दिली म्हणून प्रवेशात गुण वाढत नाहीत, तेव्हा प्रवेश विभागाच्या बाईंसमोर हुशारी दाखवण्यात वेळ घालवू नका.

ठरवलेली फेरी हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम असतो: सगळे नीट कपड्यांत, सगळे गोड. तो करावा, पण स्थळाची खरी माहिती शेजारी देतात. म्हणून फेरीनंतर पांगू नका. दुपारी कॅन्टीनमध्ये बसा, चार वाजता ग्रंथालयात बसा, संध्याकाळी गटचर्चेच्या खोल्यांमध्ये काय चाललंय ते काचेतून बघा. पहिल्या दोन टप्प्यांत पाच-सहा जणांचा अभ्यासगट स्कूलच ठरवून देतं, मुद्दाम वेगवेगळ्या देशांतले आणि व्यवसायांतले लोक एकत्र करून. तुम्हाला निवड नसते. रात्री आठ वाजता एका खोलीत ब्राझीलचा बँकर, जर्मन इंजिनियर आणि लेबनॉनची डॉक्टर एकाच एक्सेल शीटवर वाद घालताना दिसले तर तो या अभ्यासक्रमाचा गाभा आहे. तिथे आपण स्वतःला कुठे बघतो? मधे पडणारे, गप्प बसून काम उरकणारे, की वैतागून उठणारे? हे पुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

वर्गात बसायला मिळालं तर प्राध्यापकापेक्षा विद्यार्थ्यांकडे बघा. कोण बोलतं, कोण बोलतच नाही, भारतीय उच्चारांच्या इंग्रजीला कुणी मध्येच तोडतं का, लॅपटॉपवर किती जण नोकरीचे अर्ज भरतायत. मध्ये प्रश्न विचारू नका, फोटो काढू नका, आणि वर्ग संपल्यावर प्राध्यापकाला आपला बायोडेटा देण्याचा मोह आवरा.

कुणाला भेटायचं, काय विचारायचं

निघण्याच्या तीन आठवडे आधी पाच-सहा विद्यार्थ्यांना संदेश पाठवा. तिघे उत्तर देतील. सगळे मराठी किंवा सगळे आयआयटीवाले निवडू नका. एक भारतीय हवाच, कारण कर्ज, व्हिसा आणि भारतात परतण्याचं गणित त्यालाच कळतं. एक तुमच्याच क्षेत्रातून आलेला, कोणत्याही देशाचा. आणि एक असा, ज्याला अजून नोकरी मिळालेली नाही. त्याला शोधणं अवघड आहे, म्हणूनच इतरांना विचारा: 'तुमच्या तुकडीत ज्यांना हवं ते मिळालं नाही त्यांच्यापैकी कुणी माझ्याशी बोलेल का?' असं नम्रपणे विचारलं की बहुधा कुणी ना कुणी भेटतं.

'कसं वाटतं इथे?' या प्रश्नाला 'फारच छान' हेच उत्तर येणार. नेमकं विचारा. गेल्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय केलंस? कन्सल्टिंगला जायचं नाही अशा माणसाला इथे किती मदत मिळते? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण इन्सिआडमधून कन्सल्टिंगला जाणाऱ्यांचं प्रमाण फार मोठं असतं आणि सगळ्या वातावरणावर त्याची छाया असते. इंटर्नशिप नसल्याचा तोटा झाला का, झाला तर कुठे? फ्रेंच येत नसताना फ्रान्समध्ये नोकरी कुणाला मिळाली, आणि ती कोणत्या प्रकारची होती? सिंगापूरला टप्पा बदलून जाता येतं असं म्हणतात, तुला हवा तो टप्पा मिळाला का? महिन्याचा खरा खर्च किती आणि त्यात सहलींचा वाटा किती? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण आधी हसतात. फी एक लाख युरोंच्या पुढे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. मित्रमंडळींबरोबर दर पंधरा दिवसांनी कुठे ना कुठे उडायचा जो दबाव असतो तो कुठल्याच तक्त्यात नसतो.

अभ्यासक्रमानंतर नोकरी शोधण्यासाठी फ्रान्समध्ये थांबण्याचा परवाना तुमच्या बाबतीत कसा लागू होतो, हे विद्यार्थ्यांकडून ऐका, पण पक्कं उत्तर स्कूलच्या कार्यालयाकडून लेखी घ्या.

घरं बघा, नक्की बघा

पूर्ण भेटीत सगळ्यात जास्त फायदा इथे आहे. इन्सिआडचे विद्यार्थी गावात आणि आसपासच्या खेड्यांत जुनी मोठी घरं चार-सहा जणांत भाड्याने घेतात. काही घरं अक्षरशः छोटे राजवाडे वाटतील अशी, आणि ती एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे जातात. फोटोत शेकोटी, बाग आणि उंच छत दिसतं. हिवाळ्यात त्या उंच छताखाली किती थंडी असते आणि गरम ठेवायला किती बिल येतं, ते तिथे राहणाऱ्यालाच विचारा. न्हाणीघरं मोजा. फोनला रेंज येते का बघा. भाड्यात वीज, पाणी, गॅस धरलेत की वेगळे, हे सगळ्यात आधी.

गाव की खेडं, हा खरा निर्णय. फॉन्तेनब्लोमध्ये राहिलात तर चालत किंवा सायकलवर कॅम्पस गाठता येतो. मोरे-सूर-ल्वँ, बूरों-मार्लोत, मोन्तिन्यी-सूर-ल्वँ ही आर लाइनवरची गावं सुंदर आहेत, पण रात्री दहाला अभ्यासगट सुटल्यावर घरी जायला गाडी लागतेच. बार्बिझोंला तर रेल्वे स्थानकच नाही. गाडी घ्यावी लागली तर तिचा विमा कसा काढला ते भारतीय सिनियरकडून समजून घ्या. आणि एक लक्षात ठेवा: उजव्या बाजूने चालवणं दोन दिवसांत जमतं, पण खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं हा तिथला नियम अंगवळणी पडायला वेळ लागतो.

करारात दोन गोष्टी बघा. फ्रान्समध्ये एक ते दहा महिन्यांचा, विद्यार्थ्यांसारख्या तात्पुरत्या भाडेकरूंसाठीचा सुसज्ज घराचा करार आहे, बाय मोबिलिते नावाचा. तो २०१८ च्या कायद्याने आला. त्यात घरमालकाला अनामत रक्कम मागता येत नाही, आणि मुदत दहा महिन्यांपेक्षा वाढवता येत नाही. साध्या सुसज्ज घराच्या करारात अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं. दुसरं, फ्रेंच घरमालक जामीनदार मागतात आणि पुण्यातले वडील त्यांना सहसा चालत नाहीत. तीस वर्षांपर्यंतच्यांसाठी व्हिझाल ही मोफत सरकारमान्य हमी आहे. तुम्ही पात्र आहात का ते तिच्या संकेतस्थळावर तपासा. राहायला येताना घराच्या स्थितीची जी लेखी नोंद होते, तिच्यात भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा लिहून घ्या. भाषा कळत नसेल तर फोटो काढून मालकाला त्याच दिवशी ईमेल करा.

जोडीदार सोबत येणार असेल तर शक्य असल्यास या भेटीला दोघांनी जा. तुम्ही सकाळी आठ ते रात्री दहा कॅम्पसवर असाल. घर, गाव आणि एकटेपणा त्यांच्या वाट्याला येणार आहे. त्यांना एक पूर्ण दिवस तुमच्याशिवाय गावात काढायला सांगा, आणि संध्याकाळी त्यांचं मत आधी ऐका.

उरलेला वेळ

बाजार मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी सकाळी भरतो. भाज्यांचे भाव तिथे बघून घ्या. गावात मोनोप्री हे सुपरमार्केट आहे. तुरीची डाळ, पोहे, कढीपत्ता हवा असेल तर पॅरिसला गार द्यु नॉर आणि ला शापेलच्या भागात जावं लागतं. गार द लियोंवरून आरईआर डीने दोनच स्थानकं. शाकाहारी असाल तर कॅम्पसच्या कॅन्टीनमध्ये सलग दोन दिवस जेवून बघा, एका दिवसावरून काही कळत नाही. राजवाडा मंगळवारी बंद असतो. नेपोलियनने १८१४ मध्ये इथेच राज्यत्याग केला. बघायला दोन-तीन तास पुरतात, आणि मागच्या बागेत विद्यार्थी पळायला येतात, तिथे सहज गप्पा होतात. जंगलातल्या वालुकाश्माच्या खडकांवर चढायला जगभरातून लोक येतात. तुम्हाला चढायचं नसलं तरी एक फेरी मारा.

कुणी जाऊ नये

विमान, व्हिसा आणि चार-पाच रात्री मिळून खर्च ढोबळमानाने दीड लाखाच्या आसपास जातोच. एकाच स्कूलची ऑफर आहे, कर्ज मंजूर आहे आणि काहीही झालं तरी जायचं आहे, तर हे पैसे वाचवून पहिल्या महिन्यासाठी ठेवा. घर व्हिडिओ कॉलवर दाखवायला बहुतेक सिनियर तयार असतात. व्हिसा वेळेत मिळत नसेल तर सिंगापूरचा कॅम्पस बघून येणं हा काहींनी काढलेला मार्ग आहे. अभ्यास आणि माणसांची जातकुळी तिथे कळते. फॉन्तेनब्लोच्या राहणीमानाबद्दल मात्र काहीच कळत नाही, कारण सिंगापूरला बाहेर पडलं की एमआरटी म्हणजे मेट्रो आहे आणि रात्री अकरालाही जेवण मिळतं.

जाऊन आलात तर परतीच्या विमानातच लिहून काढा: कोण काय म्हणालं, कुठल्या घराचं भाडं किती, कुठल्या क्षणी 'इथे नको' वाटलं. दोन दिवसांनी आठवणी गोड व्हायला लागतात. जे प्रश्न सुटले नाहीत ते प्रवेश विभागाला एकाच ईमेलमध्ये पाठवा, पैसे भरायच्या मुदतीच्या निदान आठवडाभर आधी. ज्या विद्यार्थ्यांनी वेळ दिला त्यांना आभाराचा संदेश पाठवा आणि त्यातच विचारा की त्यांचं घर कधी रिकामं होतंय. चांगली घरं नव्या तुकडीच्या सामाईक गटांत जाहिरात येण्याआधीच ठरलेली असतात.